आधी सी१ई बंद करा

२००७ साली ओव्हरक्लॉकिंगचा पहिला धडा ठरलेला होता: बायोसमध्ये जायचे आणि स्पीडस्टेप, सी१ई ही दोन्ही आधी बंद करायची. त्या वर्षी चलती होती इंटेलच्या क्यू६६०० या चार कोअरच्या प्रोसेसरची. मूळ वेग २६६ गुणिले ९, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. बस ३३३ वर नेली की झाले ३ गिगाहर्ट्झ. मीही नेली, आणि गुरुवाक्य मानून वीजबचतीला कुलूप लावले. पडद्यावरचा आकडा दिवसभर तीनवरून हलत नसे, याचा तेव्हा अभिमानच वाटायचा.

सल्ला निराधार नव्हता. या सोयी काम नसताना गुणक ९ वरून ६ वर आणत आणि व्होल्टेजही उतरवत. ताणलेल्या यंत्रात ही सततची चढउतार नकोशी होती. शिवाय व्होल्टेज हाताने ठरवून दिले की बऱ्याच मदरबोर्डांवर ते जागचे हलत नसे, फक्त वेग उतरे. विजेचा खर्च वेगाच्या सरळ प्रमाणात वाढतो, व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. त्यात काम नसलेला प्रोसेसर तसाही बराच वेळ थांबलेलाच असतो. मग नुसता वेग उतरवून वाचणार किती?

खरा बदल २०११ च्या सँडी ब्रिजने केला. आय५-२५००के मध्ये बसला हात न लावता गुणक ४५ केला की ४.५ गिगाहर्ट्झ, आणि व्होल्टेज ठाम आकड्याऐवजी ऑफसेटने द्यायची सोय. प्रोसेसर स्वतः मागेल त्यात थोडे अधिक किंवा उणे, एवढेच आपण सांगायचे. काम संपले की वेग १.६ वर, व्होल्टेजही त्याच्यामागे खाली.

मी हावरटपणे उणे ऑफसेट जास्तच दिला. रात्रभर प्राइम९५ चालवले, यंत्र पठ्ठ्यासारखे उभे. सकाळी चहा घेत पेपर वाचायला बसलो आणि पडदा गोठला! वरच्या वेगाला पुरणारी ती कपात खालच्या वेगाला उपाशी मारत होती. भाराखाली तासन्‌तास चाचणी घेणाऱ्या आम्हा लोकांना रिकाम्या यंत्राचीही परीक्षा घ्यावी लागते, हे असे कळले. दोष सी-स्टेट्सचा, म्हणजे प्रोसेसरच्या झोपेच्या पायऱ्यांचा, म्हणून मी त्या बंद केल्या, आणि महिनाभराने लाजत पुन्हा चालू केल्या.

२०१३ च्या हॅसवेलने वेगळीच गंमत केली. त्याची झोप इतकी गाढ, की काही जुन्या पॉवर सप्लायना एवढा कमी भार झेपेना.

आता रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये व्होल्टेज कमी करणे हाच वेग वाढवण्याचा मार्ग झाला आहे. त्यातही अति केले की यंत्र कोसळते ते बहुधा हलक्या कामातच, दुखणे जुनेच. २०२२ चा ७९५०एक्स तर खोक्यातून निघतानाच १७० वॅटचा, भाराखाली ९५ अंशांपर्यंत बिनदिक्कत जाणारा. तेव्हा हौशी मंडळी त्याला इको मोडमध्ये ६५ किंवा १०५ वॅटवर बसवू लागली.

मध्यंतरी भाचा नवा पीसी जोडत होता. "मामा, सी-स्टेट्स आधी बंद करू ना?" म्हटलं, "कशाला? राहू दे ऑटोवर." त्याने मान डोलावली आणि बंद केल्या.