नाशिकच्या वर्गांतील सागरतळ

नाशिक अरबी समुद्रापासून सरळ रेषेंत शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्याकडे पाठ फिरवून सुमारें १४६५ किलोमीटर चालते व बंगालच्या उपसागरास मिळते. येथील हायस्कुलांत समुद्रविज्ञान शिकवावयाचें तर आरंभ या नवलापासूनच करावा.

जेब्को या १९०३ पासून चालत आलेल्या सागरतळ-नकाशाची आवृत्ति आतां संगणकावर फुकट मिळते. तीवर विद्यार्थ्यांनीं मुंबईहून पश्चिमेकडे आणि गोदावरीच्या मुखाहून पूर्वेकडे एकेक रेघ ओढावी. मुंबईपुढें तळ फारच सावकाश उतरतो. १६० किलोमीटरांवरील मुंबई हायपाशींही खोली पाऊणशे मीटरांच्या आसपासच. गोदावरीपुढें तो थोड्याच अंतरावर कोसळतो. पाठांतरानें हा भेद मनांत ठसत नाहीं.

मात्र नकाशाचा सलग निळा रंग फसवा आहे, आणि शिक्षकाची खरी कसोटी येथेंच. ध्वनिलहरींनीं प्रत्यक्ष मापलेला सागरतळ २०२५ पर्यंत चतुर्थांशाहून थोडाच अधिक होता. उरलेला बहुतांशीं अनुमानाचा: तळाशीं पर्वत असला कीं त्याच्या आकर्षणानें वरचें पाणी किंचित् फुगतें, व तो फुगवटा उपग्रह टिपतो. कोणता आंकडा मापलेला व कोणता अनुमानिलेला, हें सांगणारा निराळा थर जेब्कोच पुरवितें. तो लावला कीं भर समुद्रांत मापलेला भाग पुष्कळ ठिकाणीं जहाजांच्या वाटांएवढ्या बारीक रेघांपुरता उरतो.