पायाची ‘नस’ दुखते, म्हणजे नेमकं काय दुखतं? रक्तवाहिन्यांची साधी ओळख

“डॉक्टर, यांच्या पायाची नस दबली आहे.” हे वाक्य दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. मध्यंतरी साठीच्या आसपासचे एक काका आले होते. बऱ्याच वर्षांचा मधुमेह, जोडीला बिडी. थोडं चाललं की डावी पोटरी दुखायची. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, “शिरा फुगल्या असतील.” म्हणून त्यांनी मेडिकलमधून घट्ट पायमोजे आणले आणि रात्री पायाखाली दोन उशा घ्यायला सुरुवात केली. काकू रोज तेल लावून मालिश करत होत्या. दुखणं वाढतच गेलं. वर अंगठ्याला एक छोटी जखम झाली, ती तीन आठवडे भरेना.

मी त्यांच्या पावलावर बोटं ठेवली, तर नाडी लागली नाही. पाऊलही दुसऱ्यापेक्षा गार होतं. अडचण शिरेत नव्हतीच, ती रोहिणीत होती. घरच्यांनी काळजीपोटी केलेले उपाय त्यामुळे उलटे पडत होते.

यात त्यांची चूक नाही. ‘नस’ हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिली रोहिणी, म्हणजे आर्टरी. हिलाच धमनी असंही म्हणतात. दुसरी शीर किंवा नीला, म्हणजे व्हेन. तिसरी मज्जातंतू, म्हणजे नर्व्ह. ती तर रक्तवाहिनीच नाही. या तिघांचं काम वेगळं, दुखणं वेगळं आणि उपायही वेगळे. म्हणून आधी रक्तवाहिन्यांची रचना समजून घेऊ.

रक्त जातं कुठून, येतं कुठून?

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. आपण शांत बसलेलो असतानाही हृदय दर मिनिटाला जवळजवळ तेवढंच रक्त पुढे ढकलतं. हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेतात त्या रोहिण्या. अवयवांकडून हृदयाकडे परत आणतात त्या शिरा. या दोघींना जोडणारं अतिशय बारीक जाळं म्हणजे केशवाहिन्या.

शाळेत आपण शिकलो की रोहिणीत शुद्ध रक्त असतं आणि शिरेत अशुद्ध. बहुतेक ठिकाणी ते खरं आहे. पण हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत कमी ऑक्सिजनचं रक्त असतं आणि फुफ्फुसाकडून परत येणाऱ्या शिरेत भरपूर ऑक्सिजनचं. त्यामुळे रक्ताच्या रंगापेक्षा त्याची दिशा लक्षात ठेवा.

रक्त असं गोल फिरतं हे इंग्लंडमधल्या विल्यम हार्वे या डॉक्टरांनी १६२८ साली पुस्तक लिहून मांडलं. पण रोहिणीतलं रक्त शिरेत पोचतं कसं, हे त्यांना पाहता आलं नव्हतं. १६६१ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या आणि ही मधली कडी जुळली.

रोहिणी: दाब सोसणारी जाड नळी

हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रोहिणी म्हणजे महारोहिणी. तिचा व्यास साधारण अडीच सेंटीमीटर असतो. ती छातीतून पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास तिच्या दोन शाखा होऊन दोन्ही पायांकडे जातात.

रोहिणीच्या भिंतीला तीन थर असतात. आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायू आणि लवचीक तंतूंचा जाड थर आणि बाहेर आधार देणारं आवरण. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रोहिणी किंचित फुगते आणि पुन्हा आकसते. मनगटावर बोटांना लागते ती नाडी म्हणजे हाच धक्का. आपण ज्याला ‘बीपी’ म्हणतो तो याच रोहिण्यांमधला दाब.

रोहिण्यांच्या शेवटच्या बारीक शाखा नळाच्या तोटीसारखं काम करतात. जेवल्यावर आतड्याकडे जास्त रक्त हवं, पळताना पायांकडे. त्याप्रमाणे त्या आकसतात किंवा सैल होतात. बीपीच्या काही गोळ्या याच शाखांना सैल करतात.

केशवाहिनी: खरी देवाणघेवाण इथे

केसासारखी म्हणून केशवाहिनी, पण प्रत्यक्षात ती केसापेक्षाही साधारण दहापट बारीक असते. तांबड्या पेशींना तिच्यातून एकामागे एक, कधी कधी अंग दुमडून जावं लागतं. तिची भिंत पेशींच्या एकाच पातळ थराची असते. त्या भिंतीतून ऑक्सिजन आणि साखर बाहेर जाते आणि कार्बन डायऑक्साइड व टाकाऊ पदार्थ आत येतात. रोहिणी आणि शिरा हे रस्ते समजा. माल चढतो-उतरतो तो इथे.

रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की या बारीक वाहिन्या खराब होतात. म्हणूनच मधुमेहात डोळ्याचा पडदा आणि किडनी यांना धोका असतो आणि आम्ही दरवर्षी डोळ्यांची आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी सांगतो.

शीर: परतीची वाट

शिरेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी असतो. शरीरातलं निम्म्याहून जास्त रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्येच असतं. सलाईन लावतात ते शिरेला आणि तपासणीसाठी रक्त काढतात तेही बहुतेक वेळा शिरेतूनच.

उभं असताना पायातलं रक्त वर चढवायचं कसं? त्यासाठी दोन सोयी आहेत. शिरेत जागोजागी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. आणि चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात. झडपा सैल पडल्या की रक्त खाली साठतं, शिरा वेड्यावाकड्या फुगतात. तेच व्हेरिकोज व्हेन्स. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांमध्ये हा त्रास जास्त दिसतो.

आतलं अस्तर: नुकसान इथूनच सुरू होतं

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर हा नुसता गुळगुळीत लेप नाही. ते जिवंत आहे. ते नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवतं आणि रक्ताला विनाकारण गोठू देत नाही. तंबाखूचा धूर, वाढलेलं बीपी, वाढलेली साखर आणि वाईट कोलेस्टेरॉल यांनी हे अस्तर दुखावतं. मग रोहिणीच्या भिंतीत चरबी साठून थर जमतो. लोक त्याला ‘ब्लॉकेज’ म्हणतात.

नळी अरुंद होण्याचं गणित फार कडक आहे. बाकी सगळं तसंच राहून व्यास निम्मा झाला, तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळावा भाग उरतो. शरीर बराच काळ हे सांभाळून घेतं, म्हणून माणसाला काहीच जाणवत नाही. “मला काही त्रास नाही, मग बीपीची गोळी कशाला?” या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. गोळी आजच्या डोकेदुखीसाठी नसते, पुढच्या वीस वर्षांत हे अस्तर टिकावं म्हणून असते.

पाय दुखतो, तेव्हा ओळखायचं कसं?

- रोहिणीचं दुखणं: ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, दोन-चार मिनिटं थांबलं की कमी होते. पाऊल गार पडतं. आजार वाढला की रात्री पाय वर ठेवल्यावर दुखतं आणि खाली लोंबकळत सोडल्यावर बरं वाटतं. बोटांच्या जखमा भरत नाहीत.
- शिरेचं दुखणं: संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, घोट्याजवळ सूज येते. पाय वर घेतला की आराम पडतो. घोट्याच्या वरची त्वचा काळपट होऊ लागते.
- मज्जातंतूचं दुखणं: कंबरेतून किंवा मांडीतून खाली कळ जाते, मुंग्या येतात, जळजळतं, बधिर वाटतं. खोकताना किंवा वाकताना वाढू शकतं.

आता काकांचे उपाय पुन्हा पाहा. पाय उंच ठेवणं आणि घट्ट मोजे घालणं हे शिरेच्या त्रासात उपयोगी असतं. पण रोहिणी अरुंद असेल, तर आधीच कमी पोचणारं रक्त त्यामुळे आणखी कमी होतं. म्हणून पायातला रक्तप्रवाह डॉक्टरांनी तपासल्याशिवाय असे मोजे घालू नका, विशेषतः मधुमेह किंवा तंबाखूचं व्यसन असेल तर. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी हाताला लागत नाही, त्यामुळे घरी स्वतःच निष्कर्षही काढू नका. घोट्याचं आणि दंडाचं बीपी मोजून त्यांची तुलना करणं ही साधी, सुई न टोचता होणारी तपासणी आहे. गरज पडली तर डॉपलर सोनोग्राफी करतात.

नेहमीचे दोन प्रश्न

*पायाच्या शिरा फुगल्या, म्हणजे हृदयातही ब्लॉकेज आहे का?* नाही. फुगलेल्या शिरा हा झडपांचा दोष आहे, ब्लॉकेज हा रोहिणीचा. एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

*बायपाससाठी पायाची शीर काढली, तर पायाचं काय?* पायात त्वचेखालच्या आणि स्नायूंमधल्या खोल अशा दोन प्रकारच्या शिरा असतात. बहुतेक रक्त खोल शिरांमधून परत जातं. त्वचेखालची एक काढली तरी काम चालतं. काही दिवस सूज राहू शकते.

इथे वाट पाहू नका

- एकाच पायाला अचानक सूज, दुखणं, गरमपणा: खोल शिरेत गुठळी असू शकते. ऑपरेशन, बाळंतपण, लांबचा प्रवास किंवा अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर तर नक्कीच दाखवा. अशा पायाला मालिश करू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. सोबत दम लागत असेल तर लगेच मोठ्या रुग्णालयात जा.
- पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडणं: रोहिणी बंद झाली असू शकते. पाय वाचवायला हातात काही तासच असतात.
- छातीत दाब येणं, दरदरून घाम सुटणं, तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं: महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. फोन करा.
- जखमेतून रक्त उडत असो की वाहत असो, स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरा आणि मदत मागवा. फुगलेली शीर फुटली तर रुग्णाला झोपवा, पाय वर करा आणि दाबून धरा.

काकांना रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे पाठवलं. अँजिओप्लास्टी झाली, अंगठा वाचला. बिडी सोडायला मात्र दोनदा प्रयत्न करावे लागले. आता काकू मालिश करत नाहीत. रोज रात्री दोन्ही पावलं उजेडात धरून बोटांमध्ये भेग, फोड किंवा जखम आहे का ते बघतात. घरात मधुमेह असेल, तर हे काम तुम्हीही आज रात्रीपासून सुरू करा.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या तक्रारीसाठी आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा आणि चालू असलेली औषधं त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.*