दुधारी सेफ्टी रेझर

दुधारी सेफ्टी रेझर हे ओली दाढी करण्याचे एक हातसाधन आहे. दोन्ही लांब कडांना धार असलेले, पातळ आणि बदलता येणारे पोलादी पाते त्यात बसवतात. पाते धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये आवळलेले असते व त्याची केवळ धारेलगतची अरुंद कड बाहेर राहते. त्यामुळे उघड्या वस्तऱ्याच्या तुलनेत त्वचा खोलवर कापली जाण्याची शक्यता बरीच कमी होते. पाते बोथट झाल्यावर तेवढेच टाकून दिले जाते. रेझर मात्र अनेक वर्षे, प्रसंगी काही दशके वापरता येतो. या कारणाने रेझरची निवड एकदाच, तर पात्यांची निवड वारंवार करावी लागते.

इतिहास

उघड्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करणे हे कौशल्याचे काम होते. त्याची धार सतत चामड्याच्या पट्ट्यावर घासून व अधूनमधून दगडावर लावून टिकवावी लागे. वस्तऱ्याला आडोसा देण्याचा आरंभीचा प्रयत्न १८ व्या शतकात फ्रान्समधील झां-झाक पेरे या कारागिराने केला. त्याने वस्तऱ्याच्या पात्याला लाकडी रक्षक जोडला आणि १७६९ मध्ये स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये विल्यम सॅम्युअल हेन्सन यांनी १८४७ मध्ये दांड्याला पाते काटकोनात जोडलेल्या, कुदळीसारख्या आकाराच्या रेझरचे एकस्व घेतले. आजच्या रेझरची ठेवण याच कल्पनेवर आधारलेली आहे. अमेरिकेतील केम्फे बंधूंनी १८८० मध्ये एकस्व घेतलेल्या रेझरला रक्षकपट्टी होती. परंतु त्याचे पाते जाड असल्याने त्याला वरचेवर धार लावावी लागे.

धार लावण्याची ही कटकट किंग कॅम्प जिलेट (१८५५–१९३२) यांच्या रेझरने संपवली. बाटल्यांची बुचे विकणाऱ्या एका कंपनीत ते फिरते विक्रेते होते. वापरून फेकून देता येईल असे स्वस्त पाते तयार करण्याची कल्पना त्यांना १८९५ मध्ये सुचली. इतक्या पातळ पत्र्याला टिकाऊ धार देणे त्या काळी अशक्यप्राय मानले जात होते. विल्यम एमरी निकरसन या अभियंत्याने पोलाद कठीण करण्याची व धार लावण्याची यंत्रे विकसित केली. १९०१ मध्ये बॉस्टन येथे कंपनी स्थापन झाली. विक्रीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे १९०३ मध्ये, केवळ ५१ रेझर विकले गेले. पुढील वर्षी हा आकडा सुमारे ९० हजारांवर पोहोचला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी जिलेट यांना एकस्व मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना सरकारकडून असे रेझर पुरवण्यात आले आणि घरी परतलेल्या सैनिकांमुळे रोज स्वतः दाढी करण्याची सवय समाजात पसरली.

रेझर फुकट वाटून पात्यांवर नफा कमावण्याच्या धोरणाचे जनक म्हणून जिलेट यांचा उल्लेख अनेकदा केला जातो. प्रत्यक्षात एकस्वाच्या काळात त्यांच्या रेझरची किंमत ५ डॉलर, म्हणजे त्या काळच्या मानाने बरीच जास्त होती. १९२१ मध्ये एकस्वाची मुदत संपून स्पर्धा सुरू झाल्यावरच स्वस्त रेझर बाजारात आले. पात्यांना लागणारी जागा एकसारखी राहिल्याने कोणत्याही कंपनीचे पाते कोणत्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसू लागले. ही अदलाबदल आजही शक्य आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी गंजरोधक पोलादाची पाती प्रचलित झाली. १९७१ मध्ये जोडपात्यांचे काडतूस बाजारात आल्यानंतर पाश्चात्त्य देशांत दुधारी रेझर मागे पडला. काडतुसाची रचना एकस्वाने संरक्षित असल्याने ग्राहक विशिष्ट कंपनीशी बांधला जातो. दुधारी रेझरमध्ये असे बंधन नसते.

रचना

रेझरचे वरची टोपी, तळपट्टी आणि दांडा असे तीन मुख्य भाग असतात. टोपी वक्राकार असल्याने पाते आवळले गेल्यावर किंचित वाकते. या बाकामुळे पातळ पाते ताठ राहते व थरथरत नाही. भागांच्या जोडणीनुसार तीन प्रकार पडतात.

* तीन भागांचा रेझर : दांडा फिरवून काढल्यावर टोपी व तळपट्टी सुटी होते. हलणारे भाग नसल्याने हा सर्वांत टिकाऊ आणि स्वच्छ करण्यास सोपा असतो.
* दोन भागांचा रेझर : तळपट्टी दांड्याला जोडलेली असते व केवळ टोपी सुटी होते.
* एकसंध रेझर : दांड्याच्या टोकाची कळ फिरवताच टोपीच्या दोन झडपा उघडतात. पाते बदलणे सोपे जाते, परंतु सांध्यांत साबणाचा थर साचतो.

तळपट्टीची त्वचेवर टेकणारी कड सरळ असल्यास तिला रक्षकपट्टी म्हणतात. काही रेझरमध्ये तेथे कंगव्यासारखे दाते असतात. दात्यांमधून दाट फेस व वाढलेले केस सहज जातात. त्यामुळे काही दिवसांच्या अंतराने दाढी करणाऱ्यांना असा रेझर सोयीचा पडतो. तिरक्या रेझरमध्ये पाते किंचित तिरपे धरलेले असते. त्यामुळे केसावर समोरून आघात न होता तो कलत्या धारेने कापला जातो.

सौम्यता व आक्रमकता

दोन रेझरमधील खरा फरक त्यांच्या डोक्याच्या भूमितीत असतो. पात्याची धार त्वचेला जास्त भिडू देणाऱ्या रेझरला आक्रमक, तर कमी भिडू देणाऱ्यास सौम्य म्हणतात. हे पुढील गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे पात्याचा उघडेपणा. टोपीची कड आणि रक्षकपट्टी यांना स्पर्श करणारी एक काल्पनिक रेषा घेतली असता धार तिच्या पुढे येते, तिच्यावर राहते की मागे राहते, यावरून उघडेपणा मोजतात. धार रेषेच्या पुढे असल्यास ती त्वचेवर थेट टेकते. मागे असल्यास टोपी व रक्षकपट्टी त्वचेला आधार देतात. दुसरी गोष्ट म्हणजे धार व रक्षकपट्टी यांमधील फट. ती साधारणतः अर्धा ते एक मिलिमीटर असते. जाहिरातींत बहुधा फटीचाच आकडा दिलेला असतो. तो एकटा पुरेसा नाही. कारण फट मोठी पण उघडेपणा कमी असलेला रेझर सौम्य असू शकतो. तिसरी गोष्ट म्हणजे पाते धारेच्या किती जवळ आवळले आहे. आधार दूर असल्यास धार थरथरते व त्वचा ओरबाडली जाते.

बाह्य रूपावरून या गुणांचा अंदाज येत नाही. जर्मनीतील म्युले कंपनीचे आर ८९ व आर ४१ हे रेझर दांड्याच्या दृष्टीने जवळजवळ सारखेच आहेत. परंतु सरळ पट्टीचा आर ८९ नवशिक्यांना सुचवला जाणारा सौम्य रेझर आहे, तर दातेरी आर ४१ अत्यंत आक्रमक मानला जातो. याउलट, अतिशय तीक्ष्ण पात्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानमधील फेदर कंपनीचा एएस-डी२ हा रेझर मात्र सौम्य आहे.

समायोज्य रेझरमध्ये कळ फिरवून फट कमी-जास्त करता येते. जिलेट कंपनीने असे रेझर १९५० च्या दशकाच्या अखेरीस विक्रीस आणले. जर्मनीतील मेर्कूर कंपनीचा प्रोग्रेस हा सध्याचा परिचित नमुना आहे.

निवडीचे निकष

रेझर निवडताना किंमत किंवा चकाकी यांपेक्षा पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

* अनुभव : काडतुसाचा रेझर दाबून ओढण्याची सवय असलेल्या व्यक्तीने सौम्य, सरळ पट्टीच्या रेझरपासून आरंभ करणे इष्ट असते. आक्रमक रेझर हाताच्या चुकीला क्षमा करत नाही.
* केस : राठ व दाट केसांवर अतिसौम्य रेझर वारंवार फिरवावा लागतो आणि त्यामुळेही त्वचा सोलवटते. अशा वेळी मध्यम रेझर अधिक योग्य ठरतो. विरळ व मऊ केसांना सौम्य रेझर पुरतो.
* दाढीतील अंतर : रोज दाढी करणाऱ्यास सरळ पट्टी, तर चार-सहा दिवसांनी करणाऱ्यास दातेरी पट्टी उपयुक्त असते.
* दांडा : जड रेझर स्वतःच्या भाराने काम करतो, त्यामुळे हाताने दाबण्याचा मोह कमी होतो. ओल्या हातातून निसटू नये यासाठी दांड्यावर खोलगट नक्षी असणे आवश्यक आहे. लहान दांडा नाकाखाली व हनुवटीजवळ वळवणे सोपे जाते.
* धातू : स्वस्त व मध्यम किमतीचे रेझर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे असून त्यांवर क्रोमचा मुलामा असतो. मुलामा उडाल्यास आतील धातू खराब होतो. खाली पडल्यास आट्यांचा भाग तुटू शकतो. पितळ अधिक टिकाऊ असते. गंजरोधक पोलादाचा रेझर सर्वांत दीर्घायुषी, पण महाग असतो.

रेझर हातात घेऊन पाहता येत असेल, तर पाते बसवल्यावर दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर येते का, हे अवश्य तपासावे. एका बाजूची धार जास्त बाहेर असल्यास एकाच रेझरची एक बाजू सौम्य व दुसरी आक्रमक बनते.

पाती

पात्याची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. ते क्रोमियमयुक्त गंजरोधक पोलादाचे असून धारेवर क्रोमियम, प्लॅटिनम यांसारख्या धातूंचे व घर्षण कमी करणाऱ्या टेफ्लॉनसारख्या बहुवारिकाचे थर दिलेले असतात. तीक्ष्णता आणि गुळगुळीतपणा यांत पाती परस्परांहून भिन्न असतात. म्हणून रेझर न बदलता काही निरनिराळी पाती वापरून पाहणे, हा दाढीत सुधारणा करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही पाते बोथट होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये याचे कारण दाखवून दिले. धार झिजण्यापेक्षा तिचे सूक्ष्म कपचे उडतात. पोलादाची सूक्ष्मरचना सर्वत्र एकसारखी नसते; केस धारेशी कलता येऊन नाजूक जागी टेकला, की तेथे ताण एकवटतो. केस भिजल्याने मऊ होतात व कापण्यास कमी बल लागते. म्हणून दाढीपूर्वी काही मिनिटे कोमट पाण्याने चेहरा भिजवणे फायद्याचे ठरते. एक पाते साधारणतः तीन ते सात वेळा वापरले जाते. केस ओढले जाऊ लागले, की ते बदलणे योग्य.

वापर

ब्रशने फेस लावल्यावर रेझरची टोपी प्रथम गालावर टेकवतात आणि धार त्वचेला भिडेपर्यंत दांडा खाली आणतात. या स्थितीत पात्याचा त्वचेशी कोन सुमारे ३० अंश असतो. दाब न देता, लहान लहान फटकाऱ्यांनी, प्रथम केसांच्या वाढीच्या दिशेने दाढी करतात. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा फिरवता येतो. केसांच्या उलट दिशेने रेझर फिरवल्यास दाढी गुळगुळीत होते, पण पुरळ व जळजळ होण्याची शक्यता वाढते. गळ्यावर केसांची दिशा जागोजागी बदलत असल्याने ती आधी बोटांनी चाचपून घेतात.

कुरळे केस असणाऱ्यांमध्ये कापलेल्या केसाचे टोक वळून पुन्हा त्वचेत शिरते आणि तेथे फोड येतात. अनेक पात्यांच्या काडतुसात केस वर ओढून त्वचेच्या पातळीखाली कापला जातो, त्यामुळे हा त्रास बळावू शकतो. अशांना एकपाती रेझर तुलनेने सुसह्य ठरतो. हात कापणाऱ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्या व्यक्तींसाठी मात्र विजेवर चालणारे यंत्र अधिक सुरक्षित आहे.

भारतातील वापर

भारतात दुधारी पाते कधीच हद्दपार झाले नाही. कमी किंमत आणि खेड्यापाड्यांतील किराणा दुकानांतही सहज उपलब्धता ही त्याची कारणे होत. महाराष्ट्रातील ठाणे हे पात्यांच्या उत्पादनाचे एक मोठे केंद्र होते. सुपरमॅक्स या नावाची पाती तेथे तयार होत. २०१० मध्ये जिलेट कंपनीने भारतीय ग्राहकांसाठी एकपाती काडतुसाचा गार्ड हा स्वस्त रेझर आणला. दुधारी रेझर वापरणाऱ्यांना आपल्याकडे वळवणे हा त्यामागील उद्देश होता.

न्हाव्याच्या धोकटीतील पारंपरिक वस्तऱ्याची जागा आता अर्धे पाते बसवण्याच्या वस्तऱ्याने घेतली आहे. दुधारी पाते मध्यावर मोडून त्याचा एक तुकडा प्रत्येक ग्राहकासाठी नव्याने लावला जातो. एकच धार अनेकांना वापरल्यास यकृतदाह ब व क आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्तावाटे पसरू शकतात. याच कारणास्तव घरातही पाते दुसऱ्याबरोबर वाटून घेऊ नये. जुन्या पात्यांचा उपयोग पेन्सिलीला टोक काढण्यासाठी आणि शिवण उसवण्यासाठीही होत आला आहे.

वापरलेल्या पात्यांची विल्हेवाट

पाते पोलादाचे असल्याने त्याचा पुनर्वापर शक्य असतो. तथापि सुटे पाते घरच्या कचऱ्यात टाकल्यास सफाई कामगार व कचरावेचक यांच्या हातांना गंभीर जखमा होतात. त्यामुळे वापरलेली पाती झाकणाला फट पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवून, डबा भरल्यावर तो बंद करून स्वतंत्रपणे देणे आवश्यक आहे. पात्यांच्या काही पुड्यांच्या मागील बाजूस जुनी पाती सरकवून ठेवण्यासाठी वेगळा कप्पाही असतो. विमानप्रवासात सुटी पाती हातसामानात नेता येत नाहीत. ती नोंदणीकृत सामानात ठेवावी लागतात.