पहिल्या कथासंग्रहाची वाट

नाशिक जिल्ह्यातल्या कळवणसारख्या गावात कुणाचा पहिला कथासंग्रह निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला : ‘छापायला पदरचे किती घातले?’ प्रश्न बोचरा आहे, पण गैरलागू नाही. नव्या नावावर पैसे लावायला प्रकाशक कचरतात. म्हणूनच महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना मोलाची. हस्तलिखित पसंत पडलं, तर पहिल्या पुस्तकाला सरकारी हातभार लागतो.

पैशाचं झालं, पण कथा लिहायला शिकवायचं कुणी? अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने कथालेखनाची कार्यशाळा १९३६ मध्येच सुरू केली. कथाकार फ्लॅनरी ओ’कॉनरने १९४७ साली तिथे पदवीसाठी प्रबंध म्हणून कथाच सादर केल्या. आपल्याकडे हे काम ‘मनोरंजन’ मासिकाच्या १९०९ च्या अंकापासून दिवाळी अंकांनी आणि त्यांच्या संपादकांनी केलं, तेही फी न घेता. साभार परत आलेली कथा हाच धडा! आता सर्जनशील लेखनाची पदवी घेऊन कुणी लिहीत असेल तर आनंदच आहे. पण ती पदवी संपादकाच्या लाल पेनाची जागा घेईल, असं मला वाटत नाही.

नाशिकजवळच्या विहितगावात १९३० साली जन्मलेल्या बाबुराव बागुलांकडे अशी कोणतीही पदवी नव्हती. मुंबईतली कामगार वस्ती आणि रेल्वेतली नोकरी त्यांनी पाहिली होती. सुरतेत भाड्याची खोली मिळावी म्हणून त्यांना जात लपवावी लागली. १९६३ मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा त्यांचा पहिलाच संग्रह आला आणि मराठी कथेला तोवर न दिसलेली माणसं आपल्या आवाजात बोलू लागली. पहिलं पुस्तक म्हणजे हात बसवण्याची तालीम, ही समजूत या पुस्तकाने खोटी ठरवली. आज नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा बागुलांच्या नावाचा कथा पुरस्कार नव्या लेखकाच्या पहिल्या संग्रहाला मिळतो. राज्य शासनाचा ग. ल. ठोकळ पुरस्कारही पहिल्या कथासंग्रहासाठीच आहे.

कळवणच्या लेखकाला ऐवजाची वाण नाही. कांद्याचा लिलाव, सप्तशृंगीची चैत्रयात्रा, आदिवासी पाडे, अहिराणीतली भांडणं, सगळं हाताशी आहे. प्रकाशन सोहळ्यात मात्र शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणं यांतच संध्याकाळ सरते, कथा बाजूलाच राहते. आयोजकांनी दोन भाषणं कमी करून एक अख्खी कथा वाचायला लावावी आणि प्रती फुकट न वाटता दाराशी टेबल मांडून विकाव्यात.