टाइल्सच्या फटी : भरण्याआधी खरवडा

आजचा विषय बाथरूममधला. खालच्या मजल्यावरचे शेजारी जिना चढून येतात आणि म्हणतात, "तुमचं पाणी आमच्या छतात उतरतंय." मग आपण उकिडवे बसून टाइल्सच्या फटींकडे पहिल्यांदाच नीट बघतो. कुठे काळं पडलंय, कुठे भुगा होतोय, कुठे ग्राउट गायबच!

यावर घरोघरी ठरलेला उपाय म्हणजे व्हाइट सिमेंट कालवून बोटाने फटीवर फिरवणं. चार दिवस छान दिसतं. पण जुन्या, मेणचट थरावर दिलेल्या पातळ हाताला धरायला जागाच नसते. थोड्याच दिवसांत त्याची सालपटं निघतात.

म्हणून खरं काम भरण्याचं नाही, खरवडण्याचं आहे. ग्राउट काढायची पटाशी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. नसेल तर हॅकसॉ ब्लेडच्या तुकड्याला एका टोकाला कापड गुंडाळा आणि फटीच्या मधोमध चालवा, टाइलची कड उडू देऊ नका. टाइलच्या जाडीच्या साधारण दोन तृतीयांश खोलीपर्यंत फट रिकामी व्हायला हवी. म्हणजे 8 मिलिमीटरच्या टाइलला 5 मिलिमीटर तरी. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. लहानशा बाथरूमलासुद्धा यात अख्खी सकाळ जाते, आणि ती जाऊ द्यावी. खरवडता खरवडता टाइल्सवर नाण्याने टकटक करत चला. पोकळ आवाज आला तर ती टाइल खालून सुटली आहे. तिच्या कडेचं ग्राउट कितीही भरलं तरी पुन्हा तडकणार. आधी टाइल बसवा.

आता भरणं. 3 मिलिमीटरपर्यंतच्या फटीला बारीक ग्राउट, त्याहून रुंद फटीला वाळू मिसळलेलं. पाण्यात पावडर थोडी थोडी टाका, टूथपेस्टइतकं घट्ट करा, 5 ते 10 मिनिटं ठेवा, पुन्हा ढवळा. नंतर घट्ट व्हायला लागलं म्हणून वरून पाणी ओतू नका, ताकद जाते. रबरी पट्टीने फटींना तिरकं, दाबून भरा. पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने तिरकंच पुसा. फटीच्या दिशेने पुसलं की भरलेलं पुन्हा उकरलं जातं.

इथे तुमचं गाव महत्त्वाचं. नागपूर किंवा हैदराबादच्या मे महिन्यात कोरडी टाइल ग्राउटमधलं पाणी शोषून घेते आणि बारीक चिरा पडतात. आधी फटी ओल्या फडक्याने पुसून घ्या. मुंबई-गोव्याच्या जुलैत उलट, वाळायला वेळ लागतो. 24 तास म्हणतात, पण मी तरी पावसाळ्यात दोन दिवस आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये ढकलतो.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात मात्र ग्राउट भरू नका. दोन्ही बाजू किंचित हलत असतात, तिथे लवचीक सिलिकॉन सीलंटच टिकतं. इपॉक्सी ग्राउट पाणी पीत नाही, डागही कमी धरतं, पण महाग असतं आणि टाइलवर वाळलं तर निघता निघत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर सिमेंटचंच घ्या.

आणि ते ॲसिड! बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग जावेत म्हणून आपण ते ओततो. डाग जातात, पण सोबत सिमेंटचं ग्राउटही विरघळतं. त्यात ब्लीच मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, तो जिवावर बेतू शकतो. साधा साबण आणि ब्रश पुरे.

आता शेजाऱ्यांच्या छताकडे येऊ. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, तो थर टाइलखाली असतो. तेव्हा एवढं सगळं करण्याआधी बाथरूम चार दिवस अगदी कोरडं ठेवा, पण नळाचं पाणी मुख्य व्हॉल्व्हवर बंद करू नका. वापर थांबल्यावर ओल ओसरायला लागली तर पाणी फटींतून किंवा जाळीच्या कडेने जात असावं. तरीही ओल पसरत राहिली, तर भिंतीतला पाइप संशयित. मग ग्राउट नको, प्लंबर बोलवा.