ठरलेला भाव आणि हातात आलेले बिल

प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी, गवंडी किंवा एसी दुरुस्त करणारा कारागीर यांच्या बिलाचा वाद रक्कम ऐकल्यावर सुरू होतो. पण त्यात ग्राहकाची बाजू किती बळकट आहे, हे काम सुरू होण्याआधी काय बोलणे झाले होते त्यावर ठरते. या कामांचे दर सरकार ठरवून देत नाही. शेजारच्या इमारतीत हेच काम निम्म्या पैशांत झाले, एवढ्यावरून कोणतेही बिल बेकायदा ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जादा आकारणीबद्दल तक्रारीचा हक्क देतो, पण जादा कशापेक्षा, हेही सांगतो: कायद्याने ठरवलेल्या किमतीपेक्षा, वस्तूवर किंवा वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा, लावलेल्या दरपत्रकापेक्षा, किंवा दोघांत ठरलेल्या किमतीपेक्षा. घरच्या कामात छापील किंमत आणि ठरलेली किंमत याच दोन कसोट्या बहुतेक वेळा उपयोगी पडतात. म्हणूनच ‘फार महाग लावले’ ही तक्रार टिकत नाही; ‘अडीच हजार ठरले होते, सहा हजार मागितले’ ही टिकते.

त्यामुळे पैसे देण्याआधी बिलाची फोड मागावी. मजुरी, माल, व्हिजिट चार्ज आणि वाढीव काम असे भाग वेगळे केले की फुगवटा नेमका कुठे आहे ते दिसते, आणि वादही माणसावर न राहता आकड्यांवर येतो. बिल किंवा पावती न देणे ही याच कायद्याखाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. २०२० च्या नियमांनुसार बिलावर सेवा देणाऱ्याचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचे नाव आणि कामाचे वर्णन असायला हवे. नाक्यावरून आलेल्या मिस्त्रीकडे छापील बिलबुक नसते, हे खरे. पण साध्या कागदावर लिहून सही केलेला हिशेबही पुराव्याच्या कामी येतो.

माल तपासणे सर्वांत सोपे. नळ, फ्लशच्या टाकीचा व्हॉल्व्ह, एमसीबी, सीलबंद रंगाचा डबा यांच्या वेष्टनावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर धरलेले असतात. त्याहून अधिक घेणे हा वैधमापन कायद्याचा भंग आहे आणि त्याची तक्रार राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे करता येते. कारागिराला दुकानात सवलत मिळते आणि तो छापील किमतीच्या जवळपास बिल लावतो; हा त्याचा नफा आहे, त्याला फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र सुटा भाग बदलल्याचे बिल असेल, तर जुना भाग आणि नव्याचा खोका दोन्ही मागून घ्यावेत. न बदललेल्या कपॅसिटरचे किंवा पीसीबीचे बिल लावले गेले असेल, तर ते इथेच उघडे पडते.

खरी गफलत मोजमापात होते. रंगकामाचा दर चौरस फुटाला ठरतो, पण चौरस फूट कशाचे, हे बोलायचे राहून जाते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर जमीन १२० चौरस फूट भरते. चार भिंती मात्र ४४० आणि छत १२०, म्हणजे रंगवायची जागा ५६० चौरस फूट होते. ग्राहकाच्या डोक्यात चटई क्षेत्र असते, रंगाऱ्याच्या डोक्यात भिंती, आणि दोघेही प्रामाणिक असू शकतात. याच खोलीत तीन बाय सातचे एक दार आणि चार बाय चारच्या दोन खिडक्या असतील, तर त्यांचे ५३ चौरस फूट होतात. दर वीस रुपये धरला तर ते वजा केले की नाही यावरून एका खोलीमागे हजार रुपयांहून अधिक फरक पडतो. भारतीय मानकांत बांधकामाच्या मोजणीसाठी आयएस १२०० आहे. गिलाव्याच्या कामात अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावट करू नये, असे ते सांगते, कारण तेवढ्या भागाच्या कडा लिंपण्याचे काम त्यात धरलेले असते. खिडकी-दरवाजे त्याहून मोठे असतात, म्हणून वजावटीचा प्रश्न रास्तच आहे. तो दर ठरवतानाच विचारलेला बरा. वाद झाल्यावर दोघांनी मिळून टेपने पुन्हा मोजणे हा सर्वांत कमी कडवटपणाचा मार्ग आहे.

एसीचा ‘गॅस भरणे’ हेही नेहमीचे वादाचे ठिकाण. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता, न बुजवता दर उन्हाळ्यात गॅसचे पूर्ण बिल लावले जात असेल, तर ती सदोष सेवा मानता येते. गॅसचा प्रकार आणि वजन बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर छापलेले असते. किती ग्रॅम भरला, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

वाढीव कामाचे भांडण अधिक अवघड असते. भिंत फोडल्यावर आतला पाइप सडलेला निघतो, मग दोन तासांचे काम दोन दिवसांवर जाते. असा खर्च आधी सांगणे कारागिरालाही शक्य नसते. पण पुढचे काम करण्यापूर्वी सांगणे त्याला शक्य असते, आणि तेवढी अपेक्षा करणे योग्यच आहे. न विचारता केलेल्या वाढीव कामाचे पैसे अजिबात द्यायचे नाहीत, असा समज मात्र चुकीचा आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार फुकट करण्याचा हेतू नसताना कोणी कायदेशीरपणे दुसऱ्यासाठी काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. भाव ठरलाच नव्हता तेव्हाही हेच तत्त्व लागू होते. अशा वेळी प्रश्न रास्त मोबदल्याचा होतो. त्यासाठी त्याच भागातल्या दोन-तीन कारागिरांकडून त्याच कामाचे लेखी दर घ्यावेत. गिलावा, फरशी, रंग अशा कामांसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूचीही पाहता येते. ती मोठ्या सरकारी कामांसाठी बनते. घरातल्या किरकोळ कामाला दर त्याहून जास्त पडतो. तरी तिपटीचा फरक दाखवायला ती पुरते.

मजुरीबद्दल थोडे थांबून विचार करायला हवा. वीस मिनिटांत नळ दुरुस्त झाला म्हणून पाचशे रुपये जास्त, हे म्हणणे योग्य नाही. त्या पैशात येण्याजाण्याचा वेळ, हत्यारे, रिकामे गेलेले दिवस आणि दोष पटकन ओळखण्याचे कसब असते. कष्टाचे पैसे कापण्यासाठी बिलाचा वाद उकरून काढणे हा कारागिरावर अन्याय आहे, आणि तो वरचेवर होतो.

बिलात १८ टक्के जीएसटी जोडला असेल तर नोंदणी क्रमांक विचारावा. नुसत्या सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नसते, आणि नोंदणी नसलेल्याला कर गोळा करता येत नाही. क्रमांक १५ अंकाक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा २७ ने, गोव्याचा ३० ने सुरू होतो. तो जीएसटीच्या संकेतस्थळावर लगेच पडताळता येतो.

आकडे जुळले नाहीत तर मान्य असलेली रक्कम यूपीआयने किंवा चेकने लगेच द्यावी आणि उरलेल्या रकमेवरचा आक्षेप व्हॉट्सॲपवर कारणांसह लिहून पाठवावा. सगळेच पैसे अडवून धरणारा ग्राहक स्वतःची बाजू कमकुवत करतो. वस्तू दुकानात नेलेली असेल तर परिस्थिती वेगळी होते. करार कायद्याचे कलम १७० कसब लावून वस्तू दुरुस्त करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेण्याचा हक्क देते. कायद्यातले उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्या जवाहिऱ्याचे आहे, पण नियम मिक्सरलाही लागू होतो. मुदतीवर पैसे देण्याचे ठरले असेल तर हा हक्क उरत नाही. अडलेली वस्तू सोडवण्यासाठी पूर्ण रक्कम द्यावीच लागली, तर ‘आक्षेप राखून पैसे दिले’ असे पावतीवर किंवा निरोपात नोंदवावे. कलम ७२ प्रमाणे दबावाखाली दिलेले पैसे परत मागता येतात. तिथले उदाहरण माल अडवून बेकायदा भाडे घेणाऱ्या रेल्वे कंपनीचे आहे.

घरात झालेल्या कामाबाबत असा ताबा ठेवता येत नाही. बसवलेला नळ उचकटून नेणे, पैसे मिळेपर्यंत घराबाहेर न जाणे किंवा धमकावणे हा बिलाचा वाद राहत नाही. तेव्हा ११२ वर पोलिसांना बोलवावे. केवळ रक्कम जास्त आहे म्हणून पोलीस ठाण्यात गेल्यास हा दिवाणी वाद असल्याचेच उत्तर मिळेल.

ॲपवरून बोलावलेल्या कारागिराबाबत तक्रार कंपनीकडे करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तिच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण दिले पाहिजे. इतरांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे; ती मध्यस्थी करते, निकाल देत नाही. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आणि तिच्यासारख्या संस्थांकडूनही मार्गदर्शन मिळते.

त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच जाते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील लावणे बंधनकारक नाही. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात, ऑनलाइनसुद्धा, तक्रार दाखल करता येते. मुदत वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ याहून बराच जास्त लागू शकतो. म्हणून दोन-तीन हजारांच्या वादाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोकअदालत अधिक सोयीची पडते. दावा दाखल होण्याआधीच्या टप्प्यावरही तिथे तडजोड होते, तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही.

या सगळ्यात ग्राहकाची सर्वांत मोठी अडचण बहुधा पत्त्याची होते. मोबाईलमध्ये ‘राजू प्लंबर’ एवढेच नाव असते, आणि नोटीस पाठवायला पूर्ण नाव व पत्ता लागतो. यूपीआयच्या व्यवहारात बँकेत नोंदलेले नाव दिसते; सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत किंवा माल घेतलेल्या हार्डवेअरच्या दुकानात पत्ता मिळू शकतो. आयोगाचा आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण त्यासाठी आदेश योग्य माणसाच्या हाती पडावा लागतो. म्हणून ॲडव्हान्स देतानाच कामाचे वर्णन, दर, मोजण्याची पद्धत, माल कोणाचा आणि कारागिराचा पत्ता एका निरोपात लिहून त्याचा होकार घेतलेला बरा.