ड्राय सूटचे माप
ड्राय सूट हा थंड पाण्यात शरीर कोरडे ठेवणारा पाणबुड्यांचा जलरोधक पोशाख आहे. त्याचे माप आतून घालावयाच्या सर्वांत जाड उबदार कपड्यांसह तपासले जाते. पोशाख चढवल्यावर उकिडवे बसता येणे आणि पाठीवरील सिलिंडरच्या झडपेपर्यंत हात पोहोचणे आवश्यक असते. पोशाख तंग असल्यास हालचाल अडते, शिवाय कपड्यांतील हवेचा थर दबून ऊब कमी होते. फार सैल पोशाखात जादा हवा पायांकडे सरकून पाणबुड्या उलटा होऊ शकतो व अनियंत्रितपणे पृष्ठभागाकडे खेचला जातो. बूट मोठे असल्यास पाय त्यांतून निसटतात. मानेभोवतीची लेटेक्स वा निओप्रीनची पट्टी सैल असल्यास पाणी शिरते. ती अतिघट्ट असल्यास मात्र मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर दाब येऊन भोवळ येऊ शकते.